होळीत गेलेलं भेदऱ्याचं बी

दुसऱ्या महायुद्धाच्या तिसऱ्या वर्षी, फाल्गुनी पौर्णिमेच्या संध्याकाळी, आमच्या घरातलं भेदऱ्याचं सगळं बी होळीत जळालं. ते माझ्या वडिलांनी स्वतःच्या हाताने होळीत टाकलं. टाकताना ते बी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

टोमॅटोला आमच्याकडे भेदरं म्हणतात. त्या काळी नागपूरच्या बाजारात दोन तऱ्हेचं भेदरं येई. एक बंगल्यांच्या बागांतलं, गोल आणि गुळगुळीत. दुसरं खेड्यांतून येणारं, बारीक आणि आंबट. आमच्या परसात होतं ते या दोन्हींपैकी नव्हतं. फळ तळहाताएवढं, चपटं, भोपळ्यासारख्या घड्या पडलेलं. पुरतं पिकलं तरी देठाभोवती हिरवं राही. साल इतकी पातळ की टोपलीत दोन थर रचले तर खालचा थर फुटे, म्हणून ते विकायला कोणी लावीत नसे. चटणीला मात्र घरात दुसरं चालत नसे.

बी माझ्या पत्नीने माहेराहून आणलं होतं. तिचं माहेर सावनेरजवळच्या एका खेड्यात. तिची आई ते दरवर्षी लावी. आई वारल्यावर भावांनी परसात गोठा वाढवला आणि लावणी थांबली. पुढे गावात ते कोणाकडेच उरलं नाही, याची तिने दोन-तीन दिवाळ्यांना घरोघर विचारून खात्री करून घेतली होती. नागपुरात, धंतोलीत, आमच्या शेजारपाजाऱ्यांना ती रोपं वाटत असे. ते फळं खात, बी धरीत नसत. पुढच्या वर्षी रोपं पुन्हा मिळणारच होती. म्हणजे आमच्या घरात होतं तेवढंच ते बी होतं.

बी ठेवण्याची रीतही तिच्या माहेरचीच. शेणात राख कालवून पुरीएवढी टिकली थापायची. ती ओली असतानाच धुऊन सुकवलेलं बी तिच्यात दाबायचं, वरून शेणाचा पातळ हात फिरवायचा. मधे भोक पाडायचं, टिकल्या सुतळीत ओवायच्या आणि माळ चुलीवर धुरात टांगायची. धुरामुळे कीड लागत नाही आणि पावसाळ्यात ओल धरत नाही.

होळीसाठी आमच्याकडे चाकोल्या करतात. त्याही शेणाच्याच, तेवढ्याच, मधे भोक पाडलेल्या. त्यांचीही माळ करतात आणि पौर्णिमेला ती होळीला वाहतात.

त्या दिवशी घरात आम्ही तिघं होतो. माझी आई वारून चार-पाच वर्षं झाली होती, त्यामुळे पुरणाचा सगळा भार पत्नीवर होता. मी एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो आणि त्या दिवशी संध्याकाळी लवकर घरी आलो होतो. वडील सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. होळीला नैवेद्य, नारळ आणि चाकोल्या घेऊन जाणं हे घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाचं काम, ते तेच करीत. पत्नीने चाकोल्यांची माळ मागच्या पडवीतल्या खुंटीला अडकवून ठेवली होती आणि त्यांना तसं सांगितलंही होतं. ती पुरणयंत्र धुवायला विहिरीवर गेली. वडिलांनी पडवीतली माळ घेतली. स्वयंपाकघरातून नैवेद्याचं ताट उचलताना त्यांना चुलीवर दुसरी माळ दिसली. तीही घेतली.

परत आल्यावर त्यांनी पाय धुतले आणि म्हणाले, "यंदा दोन माळा केल्या तू. चांगलं केलं."

पत्नी चुलीजवळ होती. तिने वर पाहिलं.

"वरची नेली, मामाजी?"

"दोन्ही नेल्या."

"ते बी होतं," ती म्हणाली.

"मले वाटलं, चाकोल्याच आहेत."

तिने पोळी उलटली. वडील आपल्या खोलीत गेले. त्या दिवशी आम्ही जेवलो. पुरणपोळ्या झाल्या होत्या आणि त्या वाया घालवण्याची पद्धत आमच्या घरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, रंग सुरू होण्याआधी, ती चौकातल्या होळीवर गेली. लोक कपाळाला लावायला राख नेत होते. तिने काठीने राख उकरली. एका कडेला एक टिकली अर्धवट जळून राहिलेली सापडली. ती घरी आणून तिने फोडली. बी तपकिरी झालं होतं, पण आकार शाबूत होता. तिने ते एका फुटक्या माठात पेरलं आणि रोज पाणी दिलं. ते उगवलं नाही. रंगपंचमी होऊन गेल्यावर तिने माठातली माती वाफ्यात उपडी केली.

याच सुमारास मी इतवारीच्या बाजारातून बियाण्याची पुडी आणली. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, बंगल्यावाले हेच नेतात. गोल, चिकनं, एकसारखं."

पत्नीने पुडी उघडून बी तळहातावर घेतलं.

"लावीन," ती म्हणाली. "दिवाळीच्या आधी. पण त्या टोकाले, पेरूच्या पलीकडे."

"त्या टोकाले काहून?"

"इकडची जागा लागन मले."

"कशासाठी? बी तं नाही."

तिने मला मोरीजवळ नेलं. माघ संपताना तिने भेदऱ्याची सगळी झाडं उपटून तिथे अंबाडी पेरली होती. मोरीच्या पाण्यावर वाढलेलं एक झाड तेवढं ठेवलं होतं, कारण ते मागाहून आलं होतं आणि त्याला अजून फुलं होती. आता फुलं गळाली होती. पानांच्या आत तीन-चार हिरवी फळं होती, लिंबापेक्षा थोडी मोठी. त्यांच्यावर घड्या दिसत होत्या.

"हे पिकलं तं बी होईन," ती म्हणाली.

नागपूरचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला या वाक्याचा अर्थ सांगायला नको. भेदरं हे थंडीचं पीक. होळी झाली की ऊन तापायला लागतं, चैत्रात गरम वारा सुटतो आणि परसात अंबाडी आणि दोडक्याखेरीज काही टिकत नाही. त्या झाडाला अजून निदान महिना दीड महिना जगायला हवं होतं.

तिने झाडाच्या बुडाशी वाळलेल्या पानांचा जाड थर घातला. पश्चिमेकडून तुराट्यांचा कूड उभा केला आणि त्यावर पोतं टाकलं. पोतं दुपारभर ओलं ठेवायचं. पाणी विहिरीचं. विहीर आमची आणि शेजारच्या घराची मिळून होती आणि चैत्रातच तिचा तळ दिसू लागला होता.

शेजारच्या काकू भिंतीवरून पाहत. त्यांचं बोलणं मोकळं आणि आवाज मोठा.

"का वं, एका भेदऱ्यासाठी अख्खी विहीर उपसून राहिली तू?"

"दोन बादल्या घेते, काकू. मोरीचंही घालते."

"नवऱ्याले तरी पाजतं का एवढं पाणी?"

"ते हापिसात पितात."

काकू हसल्या. मग आवाज थोडा खाली आणून, पण आमच्या पडवीत ऐकू येईल इतपतच खाली आणून, म्हणाल्या, "एक सांगू? म्हातारबाले भेदरं चालत नाही. रंग पाहून ताट सरकवतात म्हणे. मुद्दाम तं नाही नेली माळ?"

वडील पडवीत आरामखुर्चीवर बसले होते. त्यांनी ऐकलं. मीही ऐकलं.

काकूंचं अर्धं म्हणणं खरं होतं. वडिलांच्या पिढीत बऱ्याच घरी भेदरं खात नसत. चिरल्यावर ते मांसासारखं दिसतं, असं म्हणत. पत्नी त्यांच्यासाठी वरण वेगळं काढून ठेवी आणि मग भेदरं घाली. त्यावरून घरात कधी वाद झाला नव्हता.

पत्नी आत आली तेव्हा वडील म्हणाले, "मी खात नाही, हे खरं आहे. खात नाही म्हणून जाळीन, असा माणूस नाही मी."

"मी कुठं म्हटलं, मामाजी?"

"तू नाही म्हटलं. पण ऐकून राहिली."

"भिंत त्यांची आहे. बोलतील त्या," ती म्हणाली आणि पोतं भिजवायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून वडील पहाटे आंघोळीला मोरीत न जाता झाडाजवळच्या दगडावर बसू लागले. साबण लावणं त्यांनी बंद केलं. आंघोळीचं पाणी सरळ झाडाच्या आळ्यात जाई. पत्नीने एकदा म्हटलं, उघड्यावर बसता, लोक पाहतात. ते म्हणाले, "पाहू दे. म्हाताऱ्याले कोण पाहते."

चैत्र संपताना फळं गळू लागली. आधी एक, मग दुसरं. पत्नी गळलेलं फळ चिरून पाही. आत बी पांढरं आणि चिकट, नखाने दाबलं की फुटे. ती ते फेकून देई. अखेर झाडाच्या मध्यावर एकच फळ राहिलं. ते बऱ्यापैकी भरलं होतं. तिने त्याला जुन्या धोतराच्या तुकड्याची सैल पिशवी बांधली, कारण खारी भिंतीवरून येत.

वैशाखात पोतं कमी पडू लागलं. बादलीभर पाणी टाकलं तरी ते घटकाभरात कोरडं होई. एका दुपारी मी घरी जेवायला आलो तेव्हा वडिलांच्या खोलीच्या खिडकीला वाळ्याची टट्टी नव्हती. दर उन्हाळ्यात ती तिथे लागे. त्यांना उन्हाचा त्रास होता आणि दुपारी टट्टी भिजवून तिच्यामागे पडून राहिल्याशिवाय त्यांचा उन्हाळा जात नसे. टट्टी आता परसात होती. दोन बांबू रोवून त्यांनी ती झाडावर आडवी बांधली होती. बांधताना त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं.

"मामाजी, तुम्हाले बाधन हे ऊन," पत्नी म्हणाली.

"मले उठून सावलीत जाता येते. त्याले येत नाही."

"मी दुसरी टट्टी पाहिली असती."

"कुठं पाहिली असती? बाजारात वाळा आहे का यंदा?" ते म्हणाले. "राहू दे. तू पाणी टाक."

टट्टीखाली झाड सावरलं. फळाचा रंग बदलू लागला, पण तो लाल होईना. पिवळा झाला आणि तिथेच थांबला. काकूंनी भिंतीवरून पाहून निकाल दिला.

"सडलं ते. तोड आता. नाही तं तेही जाईन."

"हात लावला तं टणक आहे," पत्नी म्हणाली. "मऊ झाल्याशिवाय बी होत नाही."

"तुह्या मायनं असं सांगितलं का?"

"हो."

"तिच्या परसात नदीचं पाणी होतं, बाई."

"म्हणून तं मी दोन बादल्या वाढवल्या," ती म्हणाली.

त्या आठवड्यात काकूंनी आपल्या वाटणीच्या पाण्यातली एक बादली भिंतीवर आणून ठेवायला सुरुवात केली. ठेवताना त्या म्हणत, "धुण्याचं आहे, फेकायचंच होतं म्हणून ठेवलं." धुण्याचं पाणी इतकं स्वच्छ नसतं.

वैशाखाच्या शेवटी एका दुपारी धुळीचं वादळ आलं. पाऊस नव्हता. पश्चिमेला आभाळ विटकरी झालं, कौलं वाजू लागली आणि परसात काही दिसेनासं झालं. वारा पडल्यावर आम्ही बाहेर गेलो. एक बांबू उपटला होता आणि ओली, जड टट्टी झाडावर पडली होती. झाड बुडापासून मोडलं होतं.

वडील जागेवर उभे राहिले. पत्नीने टट्टी उचलायला मला हाक मारली. आम्ही ती बाजूला केली. तिने धोतराची पिशवी सोडली. फळ फांदीला होतं. फुटलं नव्हतं.

"माह्याच हातून दुसऱ्यांदा झालं," वडील म्हणाले.

"टट्टी नसती तं हे मागेच सुकलं असतं, मामाजी," ती म्हणाली. "इळा द्या मले."

तिने ती फांदी फळासकट, पानांसकट कापली. फळ तोडलं नाही. फांदी उलटी करून स्वयंपाकघरात, चुलीपासून लांब, माठाच्या वर टांगली. ही रीत तिच्या आईची नव्हती. गावी लोक मिरचीची झाडं अवकाळी पाऊस आला की अशी उलटी टांगत, ते तिने पाहिलं होतं. पानं सुकली. फळ काही दिवस तसंच राहिलं. मग माठाच्या गारव्याला त्याच्या पिवळ्यावर नारिंगी चढली आणि एके सकाळी बोट लावल्यावर ते दबलं.

तिने ते वाटीत पिळलं, थोडं पाणी घातलं आणि आंबायला ठेवलं. वर बुरशीची साय आली तेव्हा वाटी पाण्याने भरली. हलकं बी वर येतं, ते पोकळ असतं. भरलेलं बी तळाशी बसतं. बहुतेक बी वर आलं. वडील शेजारी पाटावर बसून वाटीत पाहत होते.

"वरचं गेलं का?"

"गेलं."

"खाली आहे ना काही?"

तिने वाटी तिरपी केली. तळाशी चिमूटभर होतं.

ते तिने फडक्यावर सुकवलं आणि शेण कालवायला घेतलं. मी म्हणालो की या खेपेस बाटलीत ठेवावं, शेणात नको. ती म्हणाली, "बाटलीतलं मी कधी पेरलं नाही. शेणातलं दरवर्षी उगवलं." तिने दोन टिकल्या थापल्या आणि बी दोन्हीत निम्मं-निम्मं दाबलं. वाळल्यावर एक चुलीवर टांगली. दुसरी वडिलांपुढे धरली.

"ही तुमच्याजवळ राहू द्या, मामाजी."

"माह्याजवळ? काहून?"

"घरात दोन जागा पाहिजेत."

त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली. जुन्या मऊ पंच्यात गुंडाळून आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवली, वर कापराची वडी ठेवली आणि कुलूप लावलं. किल्ली जानव्याला होती.

त्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, 'चले जाव'च्या चळवळीने शहरात गडबड झाली. काही दिवस रस्ते बंद होते आणि मला कचेरीतच राहावं लागलं. घरी आलो तेव्हा पत्नीने रोपांसाठी वाफा उंच करून ठेवला होता, वर तुराट्यांचं छप्पर होतं. भाद्रपदात, पावसाला उघडीप पडल्यावर, तिने दोन्ही टिकल्या फोडल्या. बी दोन खापरांत वेगळं पेरलं. वडिलांच्या टिकलीचं खापर त्यांनी स्वतः उचलून पडवीच्या कडेला ठेवलं आणि रोज सकाळी तिथे उकिडवे बसून पाहू लागले.

चुलीवरच्या टिकलीतलं बी उगवलं. सगळं नाही, पण वाफ्याची एक ओळ भरेल इतकं. वडिलांच्या खापरात काही आलं नाही. त्यांनी आणखी काही दिवस पाणी घातलं. मग एका सकाळी ते म्हणाले, "माह्यातलं उगवलं नाही."

"पेटी पत्र्याची आहे. आत तापलं असन," ती म्हणाली. "चुलीवरचं आलं ना."

"आलं," ते म्हणाले.

रोपं वीतभर झाल्यावर तिने ती मोरीच्या बाजूला लावली. इतवारीच्या पुडीतलं बी पेरूच्या पलीकडे गेलं. त्या वर्षी तिने रोपं वाटली नाहीत. काकूंनी मागितली तेव्हा म्हणाली, "पुढच्या साली, काकू. यंदा मोजकी आहेत." काकू म्हणाल्या, "ठेव. मले घाई नाही."

दिवाळीनंतर थंडी पडली. एका झाडाला मुळं कुरतडणारी अळी लागली, ते गेलं. बाकीची वाढली. कार्तिकात फुलं आली. फळं धरल्यावर ती बरेच दिवस हिरवी आणि गुळगुळीत दिसत होती आणि जात तीच उतरली आहे का ते सांगता येत नव्हतं. पत्नी रोज सकाळी पान बाजूला करून पाही. मार्गशीर्षात फळं फुगू लागली, तेव्हा त्यांच्यावर घड्या पडल्या.

पौषाच्या पहिल्या आठवड्यात पहिलं भेदरं पिकलं. चपटं, तळहाताएवढं, लाल. देठाभोवती हिरवं होतं.